डॉकरमध्ये एचडीएफएसचा चाचणी क्लस्टर कसा उभारावा

एचडीएफएस ही हडूपची वितरित फाइल सिस्टिम: फाइलचे तुकडे (ब्लॉक) ती अनेक नोडवर, म्हणजे मशीनवर, वाटून ठेवते. अशा सिस्टिमचा कस लागतो तो एखादा नोड पडल्यावर. त्यामुळे चाचणी क्लस्टर नुसता चालू करून भागत नाही. तो पाडता यायला हवा आणि पडल्यावर काय होतं ते मिनिटभरात दिसायला हवं. हडूपची मूळ सेटिंग हजारो नोडच्या क्लस्टरचा विचार करून ठरवलेली आहे, म्हणून ती इथे बदलावी लागतात. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर डॉकर आणि कंपोज (एकाच फाइलमधून अनेक कंटेनर चालवणारं साधन) असलं की काम होतं.

नोड किती?

एक नेमनोड (कोणता ब्लॉक कुठे आहे याची नोंद ठेवणारा), चार डेटानोड (प्रत्यक्ष ब्लॉक साठवणारे). बरेच जण तीनच डेटानोड घेतात. पण रेप्लिकेशन ३, म्हणजे प्रत्येक ब्लॉकच्या तीन प्रती, असताना तिघांतला एक गेला, तर तिसरी प्रत ठेवायला जागाच उरत नाही. ब्लॉक ‘अंडर-रेप्लिकेटेड’ (प्रती कमी पडलेले) म्हणून पडून राहतात आणि क्लस्टर स्वतःला सावरताना दिसत नाही. चौथा नोड त्यासाठीच.

कंपोज फाइल

अपाचेची अधिकृत हडूप इमेज घ्या आणि ३.३.६ असा पूर्ण टॅग लिहा. नुसत्या ‘३’ टॅगखाली उद्या वेगळी आवृत्ती येऊ शकते.

दोनच सर्व्हिस पुरतात. पहिलीचं होस्टनेम ‘नेमनोड’ ठेवा आणि वेब पानासाठी ९८७० पोर्ट उघडा (जुन्या लेखांतला ५००७० हा हडूप २ चा). दुसरी सर्व्हिस डेटानोडची. तिला कंटेनरचं ठरावीक नाव देऊ नका, होस्टवरचा ठरावीक पोर्टही नको. नाहीतर चार प्रती काढताना दुसरीच अडते.

सगळी सेटिंग एका एन्व्हायर्नमेंट फाइलमधून जातात: मोठ्या अक्षरांत एक्सएमएल फाइलचं नाव, अंडरस्कोर, मग प्रॉपर्टी. ‘एफएस डॉट डिफॉल्टएफएस’मध्ये नेमनोडचं होस्टनेमच द्या. तिथे लोकलहोस्ट लिहिलं तर नेमनोड स्वतःच्याच कंटेनरपुरता ऐकतो आणि एकही डेटानोड नोंदला जात नाही.

नेमनोडची डिरेक्टरी फॉरमॅट करण्यासाठी इमेजमध्ये ‘एन्शुअर नेमनोड डिर’ हा व्हेरिएबल आहे. त्यातला मार्ग आणि ‘डीएफएस डॉट नेमनोड डॉट नेम डॉट डिर’मधला मार्ग एकच हवा. दिलेली डिरेक्टरी अस्तित्वात नसेल तरच इमेज फॉरमॅट करते. त्या जागी थेट रिकामा व्हॉल्यूम लावला तर डिरेक्टरी आधीच असते, फॉरमॅट होत नाही आणि नेमनोड ‘नॉट फॉरमॅटेड’ म्हणून बंद पडतो. चाचणीसाठी व्हॉल्यूम लावूच नयेत, हे उत्तम.

हीप (जावा प्रोसेसची मेमरी) २५६ एमबी आणि कंटेनरची मर्यादा ७६८ एमबी ठेवा. दोन्हींत एवढं अंतर मुद्दाम आहे: कंटेनरमध्ये शिरून एचडीएफएसची कमांड दिली की तिथे दुसरं जावा प्रोसेस सुरू होतं.

वेळा कमी करा

खरी मेख इथे आहे. डेटानोड मेला असं नेमनोड केव्हा मानतो? रीचेक इंटरव्हलची (नेमनोड किती वेळाने तपासतो) दुप्पट अधिक हार्टबीटची (डेटानोड किती वेळाने ‘जिवंत आहे’ अशी खबर देतो) दहापट एवढा वेळ त्याची खबर आली नाही तर. मूळ आकडे ५ मिनिटं आणि ३ सेकंद, म्हणजे एकूण साडेदहा मिनिटं. नोड पाडल्यावर काहीच घडत नाही असं वाटतं ते यामुळे. रीचेक ५००० आणि हार्टबीट १ करा. २० ते २५ सेकंदांत नोड मृत ठरेल. रीचेक मिलिसेकंदांत असतो, हार्टबीट सेकंदांत. इथे हमखास गल्लत होते.

ब्लॉकचा आकार १२८ एमबीवरून १०४८५७६ बाइटवर आणा. नेमनोड याहून लहान ब्लॉक मुळात स्वीकारत नाही. आता १० एमबीच्या फाइलचे १० ब्लॉक आणि ३० प्रती होतील. हलणारं काहीतरी दिसण्याइतका हा पसारा पुरतो.

चालवा आणि पाडा

‘डॉकर कंपोज अप’ला डिटॅचचा पर्याय आणि ‘स्केल डेटानोड=४’ जोडा. ‘डीएफएसअॅडमिन रिपोर्ट’मध्ये चार जिवंत नोड दिसले पाहिजेत. एकूण क्षमता डिस्कच्या चौपट दिसेल, कारण चौघेही एकच डिस्क मोजतात. तिकडे दुर्लक्ष करा.

फाइल नेमनोडच्या कंटेनरमधूनच चढवा. डेटानोडवरून चढवली तर पहिली प्रत नेहमी त्याच नोडवर बसते आणि वाटणी एकांगी होते. लॅपटॉपवरच्या क्लायंटमधून चढवलीत तर बहुधा ‘०’ नोडवर लिहिता आलं आणि चारही नोड वगळले, अशी चूक येईल. क्लस्टर ठीक असतो. नेमनोडने दिलेले डेटानोडचे आतले आयपी बाहेरून गाठता येत नाहीत, एवढंच.

आता ‘एफएससीके’ला (फाइल सिस्टिम तपासणारी कमांड) ब्लॉक आणि लोकेशनचे पर्याय देऊन प्रती कुठे आहेत ते पाहा आणि ‘डॉकर किल’ने एक डेटानोड पाडा. अर्ध्या मिनिटाने अंडर-रेप्लिकेटेडचा आकडा वर जाईल आणि चौथ्या नोडमुळे पुन्हा शून्यावर येईल.

त्यानंतर पाडलेला नोड पुन्हा सुरू करा आणि ‘डॉकर पॉज’ नक्की करून पाहा. किलमध्ये कनेक्शन तुटतं आणि क्लायंट लगेच दुसऱ्या प्रतीकडे वळतो. पॉजमध्ये कनेक्शन उघडंच राहतं, पलीकडून उत्तर मात्र येत नाही. चालू वाचन ६० सेकंदांच्या सॉकेट टाइमआउटपर्यंत अडकू शकतं. प्रत्यक्षात लटकलेला सर्व्हर असाच वागतो. अनपॉज केलं की काही ब्लॉकच्या चार प्रती होतात आणि जादा प्रत नेमनोड काढून टाकतो.

फक्त नेमनोडचा कंटेनर नव्याने बनला तर जुने डेटानोड ‘इनकंपॅटिबल क्लस्टर आयडीज’ म्हणत बंद पडतात. ‘कंपोज डाउन’ करून सगळंच नव्याने उभं करा.