देवीकवच पाठ कसं करावं : नागपूरच्या महाल भागातल्या एका काकूची रीत

'काकू, रात्री एकटीनं भीती वाटते, देवीचा एखादा जोरदार मंत्र सांगा ना!' असं दर नवरात्राच्या आधी कोणी ना कोणी म्हणतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे. मोबाइलवर ऐकलेल्या बीजमंत्रांच्या, म्हणजे 'ह्रीं', 'क्लीं' असल्या एकाक्षरी मंत्रांच्या मागे लागू नका, देवीकवच घ्या. दाही दिशांनी आणि अंगाच्या एकेका भागाचं रक्षण देवीकडे मागायचं हे स्तोत्र. 'ऐं ह्रीं क्लीं चामुण्डायै विच्चे' हा नवार्ण म्हणजे नऊ अक्षरांचा मंत्र परंपरेनं गुरूकडून घ्यायचा असतो. कवचाला मात्र आमच्या घरी कधी कोणी दीक्षा मागितली नाही. माझ्या सासूबाई तर ते भाजी निवडता निवडता म्हणायच्या.

हे कवच सप्तशतीच्या, म्हणजे देवीचं माहात्म्य सांगणाऱ्या ग्रंथाच्या पोथीत सुरुवातीलाच असतं. त्याच्यामागून अर्गला, मग कीलक ही स्तोत्रं आणि त्यानंतर तेरा अध्याय. मार्कंडेय ऋषी ब्रह्मदेवाला विचारतात की माणसाचं सगळीकडून रक्षण करील असं गुपित सांगा, आणि ब्रह्मदेव हे सांगतात. पन्नासेक श्लोक आहेत. आकडा ऐकून घाबरू नका, एका बैठकीत पाठ करायचे नाहीत.

पोथी मोठ्या अक्षराची घ्या. खिशात मावणारी घेतली तर जोडाक्षरं दिसत नाहीत आणि चुकीचं तेच तोंडात बसतं. बहुतेक श्लोक अनुष्टुभ् छंदात आहेत, म्हणजे आठ अक्षरांचे चार चरण. श्वास दुसऱ्या चरणानंतरच घ्यायचा. अधेमधे घेतला की शब्द तुटतो. 'प्राच्यां रक्षतु मामैन्द्री' यात 'मा' म्हणून थांबणारे मी खूप ऐकले. 'मामैन्द्री' एका दमात आलं पाहिजे. आमच्याकडे येणारी एक पोरगी म्हणाली, 'काकू, जीभच वळून नाही राहिली.' तिला म्हटलं, आधी तुकडे पाडून म्हण, टाळी वाजवून अक्षरं मोज, मग जोड. चारच दिवसांत वळली जीभ.

लोक अडकतात ते दिशांच्या श्लोकांत. देव्यांची नावं एकमेकींच्या जागी जातात. यावर माझी युक्ती साधी आहे. पूर्वेला तोंड करून बसा आणि नागपुरातून बाहेर पडणारे रस्ते डोळ्यांसमोर आणा. समोर भंडाऱ्याकडे ऐन्द्री. उमरेडच्या अंगाला आग्नेयेत अग्निदेवता. उजव्या हाताला चंद्रपूरकडे दक्षिण, तिथे वाराही. वर्ध्याकडे नैर्ऋत्येत खड्गधारिणी. पाठीमागे अमरावतीच्या बाजूला वारुणी, सावनेरकडे वायव्येत मृगवाहिनी. डावीकडे उत्तर, तिथे कौमारी. आणि त्याच अंगाला कोराडीची जगदंबा, त्यामुळे ही दिशा नागपूरकर कधी चुकत नाही. शेवटी रामटेकच्या बाजूला ईशान्येत शूलधारिणी. वर ब्रह्माणी, खाली वैष्णवी. नाव घेताना मान वळवायची नाही, मन वळवायचं. मग पुढे जया, मागे विजया, डावीकडे अजिता, उजवीकडे अपराजिता.

इथून कवच अंगावर येतं. शेंडीला उद्योतिनी, टाळूवर उमा, दोन डोळ्यांच्या मध्ये शंखिनी, कानांना द्वारवासिनी, असं खाली उतरत उतरत नखांपर्यंत. शिकताना त्या त्या जागी खरोखर बोट लावा. शेजारीण हसली तर हसू द्या. हात त्या जागी गेला की पुढचं नाव आपोआप ओठांवर येतं, आणि धास्तीनं पळणारं मन अंगातच फिरत राहतं. माझ्या मते कवचाचा पहिला गुण हाच. बाकीचं फळ देवी बघेल.

वेळ दिवेलागणीची किंवा पहाटेची. खाली लोकरीचं आसन. तेलातुपाचा दिवा लावा, पण कूलरच्या झोतात ठेवू नका, नाहीतर निम्मा पाठ वात सावरण्यातच जातो. चैत्राच्या नवरात्रात नागपूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको. पाण्याशिवायचा उपास करून पाठाला बसू नका. जास्वंद मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर अडत नाही.

पाठ होईस्तोवर रोज एक नामजप ठेवा : 'श्री दुर्गायै नमः', एक माळ, 108 मणी. माळ मधल्या बोटावर धरून अंगठ्यानं ओढायची, तर्जनी लावायची नाही. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मणी, आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची. ओठ हलतील पण शेजारच्याला ऐकू येणार नाही एवढ्या आवाजाला उपांशु म्हणतात. चाळीत, होस्टेलात तोच बरा. पाळीच्या दिवसांत काय, असं विचारतात. आमच्या घरी त्या दिवसांत पोथीला हात लावत नाहीत, मनातला जप चालू ठेवतात. तुमच्या घरी वेगळं असेल तर तसं करा, यावरून सासू-सुनांनी भांडू नये.

कवचातच म्हटलंय की स्वतःचं भलं हवं असेल तर कवचाशिवाय एक पाऊलही टाकू नये. म्हणून मी पोरांना सांगते, गाडीला किल्ली लावण्याआधी निदान दिशांचे श्लोक म्हणा. हेल्मेट मात्र घालायचंच, देवीनं त्याची सूट दिलेली नाही. आणि भीतीनं झोपच उडाली असेल, छाती धडधडत असेल, तर पाठ चालू ठेवून डॉक्टरांनाही दाखवा.

रोज चार श्लोक धरले तर दोन-अडीच आठवड्यांत कवच तोंडात बसतं. मग अर्गला घ्या. त्यातलं 'रूपं देहि जयं देहि' तुम्हाला आरत्यांमुळे ओळखीचंच असेल. सप्तशतीचा पूर्ण पाठ करायचा असेल तर एकदा जाणत्या गुरुजींसमोर वाचून उच्चार तपासून घ्या. 'तुमच्यावर कोणीतरी केलंय' म्हणत हजारोंचं अनुष्ठान गळ्यात मारणारा भेटला, तर पोथी काखेत मारा आणि सरळ घरी या.