ब्रिजिडचा क्रॉस, लव्हाळ्याचं वाण

२०२५ साली रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती, म्हणजे १ फेब्रुवारी ऐन हळदीकुंकवाच्या दिवसांत. त्याच तारखेला आयर्लंडमध्ये संत ब्रिजिडचा सण. माझी लेक तिकडे किल्डेअरला असते. तिनं व्हिडिओ कॉलवर शिकवलं आणि त्या वर्षी प्लास्टिकचे डबे नकोत म्हणून मी ब्रिजिडचे क्रॉस लुटले.

"काकू, हे चर्चचं आहे का?" हे कुणीतरी विचारणारच होतं. आहे, आणि त्याच्या आधीचंही. ब्रिजिड ही कवी, वैद्य आणि लोहारांची देवी. त्याच नावाच्या संत बाईंनी पुढे किल्डेअरला मठ काढला. १ फेब्रुवारी हा जुना इंबोल्क, तिकडच्या वसंताचा पहिला दिवस. २०२३ पासून सणाची सरकारी सुट्टीही मिळते, बहुतेक वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी. मठाला जागा मागितली तर राजा देईना, म्हणून ती म्हणाली, माझ्या अंगावरची शाल पुरेल तेवढीच द्या. शाल पसरत पसरत सगळं माळरान झाकून बसली. वामनाचीच गोष्ट की! फक्त इथला राजा पाताळात गेला नाही. क्रॉसची कथा वेगळी: मरायला टेकलेल्या एका सरदाराच्या उशाशी बसून तिनं जमिनीवर अंथरलेलं लव्हाळं उचललं आणि विणलं.

म्हणून लव्हाळंच आणा. मी आधी खराट्याचे हीर घेतले, ते दुमडताच कटाकट मोडले. गवती चहानं बोटं चिरली. शेवटी महूकडच्या नाल्याकाठचं लव्हाळं आणवलं. आयर्लंडमध्ये ते सणाच्या आदल्या दिवशी, ३१ जानेवारीला आणतात, तेही कापून नाही, उपटून. एका क्रॉसला पंधरा-सोळा काड्या धरा. आणून दोन दिवस झाले असतील तर तासभर पाण्यात ठेवा.

पहिली काडी उभी धरा. दुसरी मधोमध दुमडून तिच्या कमरेत अडकवा, मोकळी टोकं उजवीकडे. आता सगळं डावीकडे पाव वळण फिरवा, म्हणजे ती टोकं वर येतील. तिसरी दुमडून, वर आलेल्या सगळ्या काड्यांना एकत्र कवेत घेत, पुन्हा उजवीकडे. परत पाव वळण. एवढंच करत राहायचं. मधला चौकोन अंगठ्यानं दाबून धरा. तो सुटला की सगळं हातात येतं, आमच्या मंडळातल्या निम्म्या जणींचं आलंच. आणि वळण एकाच दिशेनं. मध्येच कुणी चहा विचारला तर उत्तर देऊ नका, दिशा विसरते.

शेवटची काडी आधीच्या घडीत खोचा, चारी टोकं दोऱ्यानं बांधा. घट्टच बांधा, वाळल्यावर लव्हाळं आकसतं. मग शेंडे कापा आणि क्रॉस दारावर लावा. आगीपासून घर राखतो म्हणतात. मी तो गॅसच्या वर लावलाय.

सणाच्या आदल्या रात्री बाहेर एक फडकंही ठेवतात. ब्रिजिड जाता जाता त्याला हात लावते, मग ते डोकेदुखीवर बांधायचं. मी जुना पंचा ठेवला होता. सकाळी कामाच्या बाईंनी त्यानंच ओटा पुसला.

कापलेले शेंडे ओल्या कचऱ्यात टाका. सुक्यात टाकाल तर गाडीवाला दारातच परत देईल, इंदूर आहे हे.