मिक्स्ड ॲनहायड्राइड बिघडतो कुठे? या चुका टाळा

मिक्स्ड ॲनहायड्राइड म्हणजे दोन वेगळ्या आम्लांचा जोड; अमिनो आम्ल अमाइनला (नायट्रोजनच्या बाजूने जुळणाऱ्या घटकाला) जोडायला आम्ही तो थंडीत बनवून लगेच वापरतो. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की अंबडच्या आमच्या लॅबमध्ये हमखास ऐकू येतं, "सर, टीएलसीवर दोन स्पॉट दिसतायत." (टीएलसी म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे दाखवणारी छोटी पट्टी; दोन स्पॉट म्हणजे भेसळ.) मी आधी थर्मामीटर कुठे आहे ते बघतो. बहुतेकदा तो फ्लास्कऐवजी बाहेरच्या बर्फाच्या बाथमध्ये असतो. बाथ उणे १५ अंश आणि फ्लास्कच्या आत उणे २, असं माझंही झालंय. बाथसाठी बर्फाचा चुरा तीन भाग, जाडं मीठ एक भाग. पाणी सुटलं की ओतून द्या, नवा बर्फ घाला.

बॉक (अमिनो टोक झाकणारा गट) लावलेलं अमिनो आम्ल १० मिलिमोल घेतलं तर कोरड्या टीएचएफ या द्रावकात एन-मिथाइलमॉर्फोलिन हा बेस १.१ मिली आणि मग आयसोब्युटाइल क्लोरोफॉर्मेट १.३ मिली, थेंबथेंब. पांढरा साका दिसेल. तो त्या बेसचा हायड्रोक्लोराइड आहे, गाळत बसू नका. एक-दोन मिनिटांत अमाइन घाला. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, त्यामुळे तोंड बंद नको.

सगळ्यात महागात पडते ती "जरा जास्त घालू, म्हणजे पूर्ण होईल" ही सवय. उरलेला क्लोरोफॉर्मेट थेट अमाइनला चिकटतो आणि युरेथेन बनतं. ते ना आम्लाच्या धुण्यात जातं, ना बायकार्बोनेटच्या; मग कॉलममधून वेगळं करत बसा. त्यापेक्षा आम्लच पाच टक्के जास्त घ्या, उरलेलं बायकार्बोनेटमध्ये निघून जातं. व्हॅलिन, आयसोल्युसिनला मात्र माप अचूक असूनही युरेथेन येतं. तिथे आम्लाकडचा कार्बोनिल अडचणीत असतो, अमाइन दुसऱ्या बाजूला वळतं. अशा वेळी मी हट्ट सोडून दुसरं कपलिंग रिएजंट काढतो.

अमाइन वजन करून ठेवलं नव्हतं म्हणून ॲनहायड्राइड वीस मिनिटं तसाच? त्याचं सिमेट्रिक, म्हणजे दोन्ही बाजूंना तेच आम्ल असलेलं, ॲनहायड्राइड होऊ लागतं. पेप्टाइडचं (अमिनो आम्लांच्या साखळीचं) आम्ल असेल तर रेसिमायझेशनही, म्हणजे रेणूची डावी-उजवी रूपं मिसळणं; एन-मिथाइलमॉर्फोलिनऐवजी ट्रायएथिलअमाइन वापरलं तर ते जास्तच. पावसाळ्यात टीएचएफची बाटली उघडी राहिली तर पाणीही अमाइनच्या आधी नंबर लावतं.

अमाइनवर फॉर्मिल गट (फॉर्मिक आम्लातून येणारा) लावायचा तर ॲसेटिक फॉर्मिक ॲनहायड्राइड, हाही मिक्स्डच: फॉर्मिक आम्ल आणि ॲसेटिक ॲनहायड्राइड ५० ते ६० अंशांवर दोन तास, हूडमध्ये (वायू ओढून घेणाऱ्या कपाटात), मग थंड करून वापरा. उरलेला घट्ट बुचाच्या बाटलीत भरू नका. तो मोडतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला वास नसतो, आणि बंद बाटलीत दाब चढत जातो. आमच्या फ्रीजमध्ये अशी बाटली सापडली, तेव्हा तिचं बूच वर आलेलं होतं.