उरलेल्या खणाचा कशिद्याचा बटवा

चोळी शिवून उरलेला खणाचा तुकडा वीतभरच असला, तरी तो टाकून देववत नाही. संक्रांतीच्या वाणासाठी किंवा एखाद्या मैत्रिणीला देण्यासाठी त्यातून छोटा बटवा सहज होतो. खणाच्या विणीतच बारीक नक्षी असल्यामुळे त्यावर भरतकाम उठून दिसत नाही, म्हणून खण मागच्या बाजूस घ्यावा आणि पुढच्या बाजूसाठी साधे सुती कापड निवडावे. अस्तराला जुनी धुवट सुती साडी उत्तम, कारण ती आटायची तेवढी आटलेली असते. नवे तुकडे मात्र आधी वेगवेगळे भिजवून, सावलीत वाळवून इस्त्री करावेत. लाल खणाचा रंग जातो का, हेही तेव्हाच कळते.

भरतकाम आधी करावे आणि मापाची कापणी नंतर, हा क्रम मोडू नये. टाक्यांनी कापड थोडे आत ओढले जाते आणि भरतकामाच्या गोल रिंगमध्ये ताणल्याने कडा विस्कटतात. मी एकदा आधी कापले आणि पुढची बाजू मागच्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर अरुंद झाली. तुकडा रिंगमध्ये नीट धरता येत नसेल, तर तो मोठ्या जुन्या कापडाच्या मधोमध कच्च्या टाक्यांनी चहूबाजूंनी शिवावा आणि त्यामागचे कापड शिवणीपासून सेंटिमीटरभर आत कापून काढावे. मग मधला तुकडा ढोलकीच्या कातड्यासारखा ताठ बसतो.

सहा सेंटिमीटरची कोयरी पेन्सिलीने फिकट काढावी. सहापदरी दोऱ्याचे दोनच पदर घेऊन बाह्यरेषा साखळी टाक्याने आणि आतील ठिपके गाठीच्या टाक्याने भरावेत. सुरुवातीला गाठ न मारता दोऱ्याचे टोक मागे धरून पुढच्या टाक्यांखाली दाबून टाकावे. धारवाडकडच्या कसुती या भरतकामातही गाठ नसते, त्यामुळे मागची बाजूही स्वच्छ राहते. काम झाल्यावर जाड टॉवेलवर पालथे ठेवून इस्त्री करावी, म्हणजे टाके चपटे होत नाहीत.

आता पुढचा, मागचा आणि अस्तराचे दोन, असे चार तुकडे 14 × 19 सेंटिमीटरचे कापावेत. कोयरीचा मध्य खालच्या कडेपासून 7 सेंटिमीटरवर यावा. खणाचे धागे लवकर सुटतात, त्यामुळे त्याच्या कडांना काजटाका घालावा. बाहेरचे दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून 1 सेंटिमीटर आतून तीन बाजूंनी शिवावेत, पण दोन्ही कुशींत वरून 4 ते 6 सेंटिमीटरमधला भाग नाडीसाठी उघडा सोडावा. अस्तरही तसेच शिवावे; त्याच्या कुशी पूर्ण बंद कराव्यात आणि तळाशी 6 सेंटिमीटर फट ठेवावी.

बाहेरची पिशवी सुलट करून उलट्या अस्तरात घालावी, वरची कड गोल शिवावी, तळाच्या फटीतून सगळे बाहेर ओढावे आणि फट बारीक टाक्यांनी बंद करून अस्तर आत सारावे. कुशींतल्या फटींच्या वर आणि खाली बटव्याभोवती धावदोऱ्याच्या दोन ओळी घातल्या की नाडीची वाट तयार होते. 40 सेंटिमीटरच्या दोन नाड्या समोरासमोरच्या फटींतून ओवाव्यात; प्रत्येक नाडी पूर्ण फेरी घालून त्याच फटीतून बाहेर काढावी आणि तिची टोके एकत्र बांधावीत. वाणासाठी हलवा भरायचा असल्यास तो कागदाच्या पुडीत बांधून ठेवावा, म्हणजे साखर अस्तराला चिकटत नाही.