पाळीची तारीख आठवत नाही? कॅलेंडरवरून प्रसूतीची तारीख काढा

बाळंतपणासाठी नाव नोंदवताना शेवटच्या पाळीची तारीख विचारली की अनेकींना आकडा आठवत नाही, सण मात्र पक्का आठवतो: 'गणपती बसायच्या दोन दिवस आधी'. एवढं पुरेसं आहे.

1. त्याच वर्षाचं भिंतीवरचं कॅलेंडर काढा. 2025ची गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती, म्हणजे पाळी 25 ऑगस्टला आली. चुकून 2026चं पान पाहिलंत तर अधिक महिन्यामुळे चतुर्थी 14 सप्टेंबरला दिसते आणि हिशेब 18 दिवसांनी चुकतो.

2. पाळीच्या पहिल्या दिवसात 7 दिवस मिळवा, मग 9 महिने. 25 ऑगस्टचा 1 सप्टेंबर, त्यापुढे 9 महिने म्हणजे 1 जून 2026. रक्तस्राव थांबल्याचा दिवस धरू नका. ही चूक फार होते. घरोघरचं 'नऊ महिने नऊ दिवस' दोनच दिवस पुढे जातं, तेवढं चालतं!

3. हे गणित 28 दिवसांच्या पाळीचं. नेहमी 33 दिवसांनी येत असेल तर 5 दिवस वाढवा, 25 दिवसांनी येत असेल तर 3 कमी करा.

पाळी अनियमित असेल किंवा ती पाळी नेहमीपेक्षा फारच कमी गेली असेल, तर या तारखेवर विसंबू नका. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी चुकवू नका. 11 ते 13 आठवड्यांच्या सोनोग्राफीत 7 दिवसांहून जास्त फरक निघाला तर डॉक्टर सहसा तिचीच तारीख धरतात. नंतरच्या रिपोर्टांवर वेगळी तारीख छापून येते ती बाळाच्या वाढीवरून, त्यामुळे कार्डावरची तारीख स्वतःहून खोडू नका.