गिअरबॉक्स उतरवण्याआधी: जुन्या गाडीचा हायड्रॉलिक क्लच घरी कसा तपासावा

एका मे महिन्यात आमच्या जुन्या डिझेल गाडीत गिअर पडेना. तालुक्याच्या गॅरेजातल्या मिस्त्रीने गाडीखाली न वाकताच निकाल दिला, "प्लेट गेली भाऊ, गिअरबॉक्स उतरवा लागते." मन होईना, म्हणून शेजारी ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीला विचारलं. त्याने बोनट उघडून एक छोटा डबा दाखवला. "प्लेट काहून जाईन? डब्यात तेलच नाही ना!" खालच्या सिलिंडरचं रबर फाटलं होतं. तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे: आधी डबा, मग पेडल, मग दोन्ही सिलिंडर, आणि गिअरबॉक्स सगळ्यात शेवटी.

पहिल्यांदा आपल्या गाडीचा क्लच हायड्रॉलिक आहे का ते बघा. मारुती ८०० किंवा ओम्नीला केबल असते, तिथे हा लेख कामाचा नाही. बोलेरो, सुमो, क्वालिस अशा बऱ्याच गाड्यांत हायड्रॉलिक असतो. त्यांत पेडल दाबलं की वरचा मास्टर सिलिंडर पाइपातून तेल ढकलतो. त्या दाबाने गिअरबॉक्सजवळच्या खालच्या सिलिंडरचा, म्हणजे स्लेव्हचा दांडा बाहेर येतो, फोर्क (प्लेट सोडवणारा काटा) हलतो आणि इंजिनाला धरून असलेली क्लचची प्लेट सुटते. क्लचचा डबा बोनटखाली ड्रायव्हरच्या बाजूला, मास्टरच्या डोक्यावर असतो. काही गाड्यांत वेगळा डबा नसतो, ब्रेकच्याच डब्यातून क्लचला नळी गेलेली असते. तशा गाडीत तेल कमी झालेलं दिसलं तर गाडी हलवू नका, कारण प्रश्न मग ब्रेकचाही असतो.

पेडल काय सांगतं

पेडल स्पंजासारखं लागतं आणि चार-पाच वेळा भरभर दाबल्यावर गिअर पडतो, तर लाइनीत हवा आहे. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बसतं, पण बाहेर कुठे थेंब नाही, तर मास्टरच्या आतलं रबर तेल मागे सोडतंय. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. करकर आवाज आला तर प्लेट पूर्ण सुटत नाही. उलट, इंजिन ओरडतं पण चढावर गाडी ओढत नाही, जळका वास येतो, तर बहुतेक वेळा प्लेटच घासलेली असते. पेडल दाबल्यावरच घरघर येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर, म्हणजे फोर्क ज्याला ढकलतो त्या बेअरिंगवर घ्या.

यात एक फसवा प्रकार आहे आणि तो आपल्याकडच्या उन्हाळ्यात हमखास दिसतो. सकाळी गाडी ठणठणीत, दुपारी वणीच्या की चंद्रपूरच्या रस्त्यावर तास-दीड तास चालल्यावर क्लच घसरतो. बाहेर ४५ अंश आहेत म्हणून तेल उकळतं असं लोक म्हणतात, ते खरं नाही. पाणी मुरलेलं डॉट ३ तेलसुद्धा (डॉट म्हणजे या तेलाची प्रत) १४० अंशांच्या आसपास उकळतं. खरी गोष्ट अशी: गरम झालेलं तेल फुगतं आणि मास्टरमधल्या बारीक छिद्रातून डब्यात परत जातं. पेडलच्या दांड्याला मोकळी चाल ठेवलेली नसेल किंवा रबर फुगलं असेल तर ते छिद्र झाकलेलंच राहतं. तेलाला जागा मिळत नाही, आणि कोणी पाय न ठेवताही क्लच थोडा दाबलेला राहतो. पेडल बोटाने दाबून बघा. जोर लागण्याआधी थोडी मोकळी चाल हवीच, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.

गळती

पायातली चटई उचला आणि मास्टरचा दांडा जिथून आत येतो तिथे बोट फिरवा. ओलं लागलं तर मास्टर. मग खाली स्लेव्हची रबरी टोपी बाजूला करून बघा. किंचित ओल चालते, थेंब चालत नाही. त्याआधी चिखल मात्र धुऊन काढा. पावसाळ्यात पांदण रस्त्याने गेलेल्या गाडीच्या स्लेव्हवर काळ्या मातीचा लपका बसतो आणि सुकून दगड होतो. टोपी फाटकी असेल तर तीच माती पिस्टनला घासते. रबरी होज वाकवून भेगाही बघा.

तेल बदलणे आणि हवा काढणे

बाजारात 'ब्रेक ऑईल' म्हणतात, आणि या नावानेच घोळ केला आहे. हे तेल नव्हेच. इंजिन ऑईल, डिझेल, घरचं सोयाबीन तेल यांतलं काहीही डब्यात गेलं की आतली रबरं फुगतात. तसं झालंच असेल तर लाइन धुऊन सगळी रबरं बदलावी लागतात. झाकणावर लिहिलेलंच घ्या, डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांत मिसळू नका. हे द्रव हवेतलं पाणी पितं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. मी पावसाळा संपल्यावर, कापसाची वेचणी सुरू व्हायच्या आत बदलतो. मागच्या वर्षीची अर्धी बाटली कोठ्यात पडली असेल तर ती वापरू नका.

गाडी सपाट जागी, चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला, इंजिन थंड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. सामान थोडकं: ८ किंवा १० नंबरचा रिंग पाना, माशांच्या टाकीला लावतात ती पारदर्शक नळी, बाटली, इंजेक्शनची मोठी सिरिंज, ब्रेक ऑईलचा सीलबंद डबा आणि पेडलवर बसायला घरचं एक माणूस. फवारणी पंपाची नळी घेऊ नका, ती कितीही धुतली तरी औषध राहतंच. स्लेव्हवरचा हवा काढायचा निपल गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. जोर केला तर तो मोडतो आणि दहा मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं.

डब्यातलं काळ्या चहासारखं जुनं तेल सिरिंजने काढा, नवं भरा. निपलला नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या तेलात बुडवा. वरच्याला सांगा "दाब", त्याने हळूहळू तीन-चारदा दाबून शेवटी धरून ठेवायचं. तुम्ही निपल अर्धा फेरा सोडा, तेल आणि बुडबुडे येतील, निपल बंद करा, आणि मगच म्हणा "सोड". हा क्रम चुकला की हवा परत आत. पेडल वर येत नसेल तर हाताने ओढा. दर चार-पाच वेळांनी डबा भरा, तो रिकामा झाला तर पहिल्यापासून सुरुवात. बुडबुडे थांबून पिवळसर स्वच्छ धार आली की झालं. हट्टी हवा राहिली तर स्लेव्ह सोडून पाइप जोडलेलं तोंड वरच्या बाजूला येईल असा धरा, निपल बंदच ठेवा आणि पिस्टन हाताने आत ढकला, बुडबुडे डब्यात निघतात. तेव्हा पेडलला कोणी पाय लावू नये, पिस्टन बाहेर उडतो.

रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उतरतो. काढलेलं तेल झाकण लावून ठेवा, गुराढोरांच्या तोंडी लागू देऊ नका. ते विषारी असतं.

रबर किट

सिलिंडर खोलल्यावर आतून नख फिरवा. नखाला खाच लागली तर किट (नव्या रबरांचा संच) टाकण्यात अर्थ नाही, नवा सिलिंडर घ्या. पॉलिश पेपर मारून देणारे मिस्त्री भेटतात, माझ्या अनुभवात ते दोन-चार महिने टिकतं. भिंत गुळगुळीत असेल तर किट पुरतं. भाग ब्रेक ऑईलनेच धुवा, पेट्रोल किंवा रॉकेलने नव्हे. रबराच्या वाटीचं तोंड तेलाच्या दाबाकडे असतं. जुनं काढतानाच मोबाइलवर फोटो घ्या. नवं रबर ब्रेक ऑईलमध्ये भिजवूनच बसवा.

काही गाड्यांत स्लेव्ह बाहेर दिसतच नाही, तो गिअरबॉक्सच्या आत बेअरिंगभोवती असतो. तो गळला तर म्हाताऱ्या मिस्त्रीचाही इलाज नाही, गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. मग एकाच मजुरीत स्लेव्ह, बेअरिंग आणि प्लेट तिन्ही बघून घ्या.