स्वतःची गाणी घेऊन दौऱ्यावर निघताना

स्वतः लिहिलेली आणि स्वतःच चाल लावलेली गाणी घेऊन गावोगावी जाणाऱ्या स्वतंत्र गायकाच्या पाठीशी ध्वनिमुद्रण कंपनी नसते, साथीदार नसतात आणि बहुतेक वेळा व्यवस्थापकही नसतो. गळा, गिटार आणि गाण्यांची वही एवढ्याच बळावर त्याला पंधरा-वीस दिवस काढायचे असतात. म्हणून दौऱ्याची आखणी गळ्याच्या ताकदीवरून करावी आणि नकाशा त्यानंतर उघडावा, असे माझे ठाम मत आहे. मिळेल ती तारीख घेत गेल्यास पाचव्या रात्री आवाज बसतो आणि पुढच्या साऱ्या श्रोत्यांना त्या गाण्यांची फिकट आवृत्ती ऐकावी लागते.

सलग तीन रात्री गायल्यावर एक दिवस पूर्ण मोकळा ठेवावा आणि त्या दिवशी शक्य तितके मौन पाळावे. या मोकळ्या दिवसाचा मुक्काम आणि जेवण यांचा खर्च आधीच हिशेबात धरावा, कारण दहा दिवसांत सात कार्यक्रम असतील तर सात मानधनांवर दहा दिवस चालवायचे असतात. गावे निवडताना वीस ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा पाच-सहा ठिकाणी पुनःपुन्हा जाणे अधिक हिताचे ठरते. पहिल्या खेपेला आयोजकाच्या ओळखीचे लोक येतात. सहा-आठ महिन्यांनी परत गेल्यास त्यांतले काही जण आपल्यासाठी म्हणून येतात आणि सोबत आणखी कुणाला तरी घेऊन येतात. स्वतंत्र गायकाचा श्रोतृवर्ग असाच वाढतो.

गाण्यांची पट्टी ठरवताना घरच्या खोलीत ताज्या आवाजात काय जमते हे पाहू नये, तर प्रवासाने दमलेल्या गळ्याला काय पेलेल याचा विचार करावा. ध्वनिमुद्रणाच्या वेळी कॅपो (गिटारच्या मानेवर सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा) तिसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातुपट्टीपाशी) असेल, तर मंचावर तो दुसऱ्या फ्रेटवर लावावा. बोटांची ठेवण तीच राहते आणि पट्टी अर्ध्या स्वराने उतरते. तार सप्तकात जाणारे गाणे सुरुवातीला घेऊ नये आणि अगदी शेवटासाठीही राखून ठेवू नये. ज्या गाण्यांसाठी तारा वेगळ्या सुरांत लावाव्या लागतात ती एकापाठोपाठ ठेवावीत, म्हणजे एकाच वेळी तारा जुळवाव्या लागतील आणि तेवढ्या वेळात त्या गाण्यांची जन्मकथा सांगता येईल. पाऊण तासाच्या कार्यक्रमात, बोलणे धरून, नऊ-दहा गाणीच नीट बसतात.

ध्वनिव्यवस्थेची जुजबी माहिती असणे ही चैन नव्हे, कारण लहान सभागृहांत अनुभवी तंत्रज्ञ असेलच असे नाही. अकूस्टिक गिटारचा पिकअप (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा भाग) लांब वायरने थेट मिक्सरला जोडला तर वायर सहा-सात मीटरच्या पुढे गेल्यावर वरच्या स्वरांची चमक कमी होत जाते आणि खरखर वाढते, म्हणून स्वतःचा डीआय बॉक्स (गिटारचा संकेत लांब वायरला मानवेल असा करून मिक्सरकडे पाठवणारी छोटी पेटी) सोबत बाळगावा. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (मिक्सरकडून त्याच वायरमधून येणारी वीज) लागते की नाही हे आधीच पाहून ठेवावे आणि वायर जोडण्या-काढण्यापूर्वी मिक्सरवरची ती वाहिनी बंद करायला सांगावे. गिटारची पोकळी १०० हर्ट्झच्या आसपास स्वतःहून घुमू लागते. मंचावर अचानक उठणारा जाडसर घुमारा बहुधा तिथूनच येतो. अशा वेळी साऱ्या गिटारचा आवाज कमी करण्यापेक्षा तेवढीच कंप्रता उतरवावी, किंवा गिटारच्या तोंडावर रबरी झाकण बसवावे. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणाऱ्या मायक्रोफोनला मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकू येते, म्हणून मॉनिटर स्पीकर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा) त्याच्या बरोबर मागे, म्हणजे गायकाच्या समोर ठेवावा. सुपरकार्डिऑइड (समोरचा आणखी अरुंद टापू टिपणारा, पण थोडे थेट मागूनही ऐकणारा) मायक्रोफोन असेल तर स्पीकर थोडा बाजूला सरकवावा. ओठ मायक्रोफोनच्या फार जवळ नेले की खर्ज फुगतो, हेही विसरू नये.

गळ्याची सर्वांत जास्त झीज कार्यक्रमानंतरच्या गप्पांत होते. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. ही प्रवृत्ती फ्रेंच वैद्य एत्येन लाँबार यांनी १९११ मध्ये नोंदवली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. चालत्या वाहनात बोलतानाही तेच घडते. श्रोत्यांना जरूर भेटावे, मात्र शांत कोपऱ्यात भेटावे. आवाज बसल्यावर कुजबुजून बोलल्याने आराम मिळतो हा समज चुकीचा आहे. जोर लावून केलेल्या कुजबुजीने ताण वाढू शकतो. त्यापेक्षा नळीतून पाण्यात बुडबुडे सोडत हलका सूर लावणे गळ्याला मानवते. गिटारलाही हवा बाधते: ४५ ते ५५ टक्के आर्द्रता तिला सोसते, कोरड्या हवेत लाकूड आकसून तडकू शकते, म्हणून ती टणक पेटीतच ठेवावी.

मानधनाबाबत ठरावीक रक्कम, तिकीटविक्रीचा वाटा, किंवा या दोहोंपैकी जे अधिक असेल ते, यांतले काय ठरले आहे हे लेखी घ्यावे. हक्कांच्या बाबतीत मात्र अनेक जण गाफील राहतात. एकाच गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: शब्द आणि चाल यांचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. दोन्ही स्वतःकडे असणे हे स्वतंत्र कलावंताचे खरे धन आहे. प्रत्येक मुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक (ध्वनिमुद्रणाची आंतरराष्ट्रीय ओळख) मिळाला आहे ना, हे प्रकाशनापूर्वीच तपासावे. मुद्रण कुठे किती वाजले याचा हिशेब त्यावरून जुळवता येतो. जाहीर सादरीकरणाचे स्वामित्वधन हक्कसंस्थेमार्फत (गीतकार-संगीतकारांच्या वतीने ते गोळा करणाऱ्या संस्थेमार्फत) मिळते आणि त्यासाठी पुष्कळ ठिकाणी गायलेल्या गाण्यांची यादी कलावंताला स्वतः कळवावी लागते.

ही यादी त्याच रात्री, झोपण्यापूर्वी भरावी. तिच्याच मागे कोणत्या गाण्याला सभागृह निःशब्द झाले, कुठे कुजबुज सुरू झाली, कोणती ओळ आपल्याच तोंडी अडखळली आणि आयोजकाने पुढच्या खेपेसाठी कोणता महिना सुचवला, हे लिहून ठेवावे.